ऋणनिर्देशाची शेवटची ओळ

“नोव्हेंबरात जमायचं नाही बाळा. डिसेंबर लागला की ये,” असं म्हणून प्रतिभाबाईंनी पेन ड्राइव्ह काउंटरवरून परत सरकवला.

बी.एड.ची ती मुलगी बघतच राहिली. नाशिक रोडला कॉलेजच्या मागच्या गल्लीत गायधनी काकूंनी कुणाला रिकाम्या हाताने परत पाठवलंय, असं आजवर कुणी ऐकलं नव्हतं. प्रोजेक्ट असो, प्रबंध असो, नाहीतर कुणा सरांच्या निरोप समारंभाचं मानपत्र असो, काकू ‘ठेव इथं’ एवढंच म्हणायच्या आणि पान असं सेट करून द्यायच्या की वाचणाऱ्याने आधी नुसतं बघत राहावं. आणि आता या आठवड्यातली ही चौथी पोरगी तोंड पाडून निघाली होती. झेरॉक्स मशीनपाशी बसलेले दिनेशराव हे सगळं बघत होते. नोटांच्या प्रेसमधून निवृत्त झाल्यापासून ते मशीन त्यांच्या ताब्यात होतं, पण मशीनपेक्षा बायकोकडे त्यांचं लक्ष जास्त असायचं.

“नोव्हेंबरात कुणाचं लगीन हाय का आपल्याकडं?” त्यांनी विचारलं.

उत्तर दिनेशरावांना ठाऊक होतं, आणि त्यांनी मुद्दाम विचारलंय हे बाईंनाही ठाऊक होतं. पस्तीस वर्षांच्या संसारात निम्मं बोलणं असंच चालतं.

गोष्ट योगिनीच्या प्रबंधाची होती. योगिनी म्हणजे त्यांची एकुलती एक लेक. ती नांदगावच्या कॉलेजात मराठी शिकवायची, तिथेच सासर, तिथेच घर. नाशिक जिल्ह्यातल्या आठवडे बाजारांत लोक कसे बोलतात, यावर ती सात वर्षं पीएच.डी. करत होती. नोव्हेंबरअखेर प्रबंध जमा करायचा होता. दोनशे नव्वद पानं, सगळी मराठीत. आता दोनशे नव्वद पानांचं सेटिंग, म्हणजे समास, ओळी, परिच्छेद, तळटीपा, सगळं एका शिस्तीत बसवायचं, तर महिना लागणारच की. म्हणून बाईंनी महिना मोकळा ठेवला होता. एवढंच, की योगिनीने ‘आई, प्रबंध तुझ्याकडे आणतेय’ असं कधी म्हटलेलं नव्हतं. बाईंनी मनातल्या मनातच ठरवून टाकलं होतं.

आणि का ठरवलं, तेही सांगायला हवं. आपल्याकडे प्रबंधाला सुरुवातीलाच एक ऋणनिर्देश असतो. त्याची एक ठरलेली वाट असते. आधी मार्गदर्शक, मग प्राचार्य, मग ग्रंथपाल, मग आई-वडिलांचे आशीर्वाद, मग नवऱ्याची किंवा बायकोची साथ. आणि सगळ्यात शेवटी, अगदी न चुकता, एक ओळ असते: सुबक टंकलेखन करून देणाऱ्या अमुक-तमुक यांचे आभार. बाईंचं नाव या शेवटच्या ओळीत किती प्रबंधांत होतं, त्याला गणतीच नव्हती. कॉलेजच्या ग्रंथालयात प्रबंधांची चार कपाटं आहेत, त्यातला कुठलाही काढा, सौ. प्रतिभा गायधनी सापडायच्याच. बाईंना त्या ओळीचा अभिमान होता आणि तो त्या लपवायच्याही नाहीत. आई-वडिलांची ओळ काय, ती मूल झालं की फुकट मिळते. शेवटची ओळ हाताने मिळवावी लागते. आणि बाईंना आपल्याच लेकीच्या पुस्तकात ती हवी होती. दुसरं काहीही नको होतं.

पण त्या ओळीच्या आड आठ-नऊ वर्षांपूर्वीचा एक दिवस येत होता.

बाई मूळच्या देवळ्याच्या. लग्न होऊन नाशिक रोडला आल्या तेव्हा एस.वाय. अर्धवट राहिलेलं. घरात बसून करायचं काय म्हणून टायपिंगच्या क्लासला गेल्या आणि मराठी चाळीसची, म्हणजे मिनिटाला चाळीस शब्दांची, परीक्षा पहिल्या झटक्यात पास झाल्या. टाइपरायटरवर ओळ संपत आली की टिंग करून घंटी वाजते. मग पुढचा शब्द बसतोय का ते बघायचं, बसत नसला तर दांडी ओढून खालच्या ओळीवर जायचं. ती घंटी बाईंच्या कानात जी बसली ती बसली. पुढे कॉम्प्युटर आला, घंटी गेली, पण बाईंची करंगळी ओळ संपली की आपसूक एंटरवर जायची. प्रत्येक ओळीला. वर उजवी कड सरळ दिसावी म्हणून दोन शब्दांच्या मध्ये स्पेस मारून मारून त्या प्रत्येक ओळ नेमक्या जागी आणायच्या. कॉम्प्युटरला ही ओळ कुठे तोडायची ते कळतं, तो ते स्वतः करतो, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. सांगायची गरजही पडली नव्हती. कागद छापून हातात पडला की काम संपायचं, आणि कागदावर उजवी कड कात्रीने कापल्यासारखी सरळ असायची.

योगिनीचा एम.फिल.चा प्रबंधही त्यांनी असाच केला. एकशे चाळीस पानं, डोळ्यांत तेल घालून. शेवटच्या दिवशी योगिनी जमा करायला गेली तर खिडकीवरच्या माणसाने सांगितलं, डावा समास एक इंच चालत नाही, दीड पाहिजे, बांधणीत अक्षरं जातात. योगिनी म्हणाली, हात्तिच्या, एवढंच ना. पेन ड्राइव्ह घेऊन ती तिथल्याच एका दुकानात गेली आणि समास अर्धा इंच वाढवला. आणि सगळा प्रबंध तिच्या डोळ्यांदेखत फुटला. एक ओळ भरलेली, खाली दोनच शब्द, परत एक ओळ भरलेली, खाली परत दोन शब्द, मध्येच हातभर भोकं. एकशे चाळीसची दोनशे तीस पानं झाली. एकेक एंटर काढायचा म्हटलं तर हजारो. पाच वाजता खिडकी बंद झाली. जमा करायची पुढची मुदत सहा महिन्यांनी होती, आणि त्या सहा महिन्यांत नाशिकच्या एका कॉलेजातली कायमची जागा निघाली आणि भरलीही गेली. एम.फिल. हातात नसल्यामुळे योगिनीला मुलाखतीलासुद्धा बोलावलं नाही. म्हणून तर ती नांदगावला गेली, तासांवर पगार मिळणाऱ्या नोकरीवर.

त्या दिवशी संध्याकाळी ती घरी आली ती काही आदळआपट न करता. एवढंच म्हणाली, “आई, तू ओळी हाताने तोडल्यास.” आणि बाई म्हणाल्या होत्या, “मग काय झालं? सरळ दिसत होत्या ना?” त्यांना खरोखर कळलंच नव्हतं काय झालंय ते. कळलं ते नंतर, आणि कळलं तेव्हापासून तो विषय दोघींनीही कधी काढला नाही. सण झाले, योगिनीचं लग्न झालं, फोन रोज होत होते. भाजी काय केली, पाणी आलं का, पप्पांची शुगर किती, सगळं बोलून व्हायचं.

बाई गप्प राहिल्या, पण स्वस्थ बसल्या नाहीत. कॉलेजच्या ऑफिसात गोरक्ष बोराडे म्हणून हेडक्लार्क होते, कॉम्प्युटरवर त्यांचा हात चांगला. पन्नाशीला आलेल्या बाई एका शनिवारी त्यांच्यापुढे जाऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, मला पहिल्यापासून शिकवा. बोराडे आधी लाजले. निम्म्या कॉलेजचं सेटिंग करणाऱ्या बाईंना आपण काय शिकवायचं? पण शिकवलं. एंटर फक्त परिच्छेद संपल्यावर. बाकी ओळी मशीन बघेल. बाईंच्या डोक्यात ते लगेच शिरलं, करंगळीत शिरेना. शेवटी त्यांनी करंगळीला चिकटपट्टी गुंडाळली. दुकानात येणारी पोरं विचारायची, काकू, काय लागलं? काही नाही, सवय मोडतेय, असं त्या सांगायच्या. चिकटपट्टी तीन महिने होती.

बोराड्यांनी त्यांना आणखी एक गोष्ट दाखवली. पोरांना पानाच्या दोन्ही कडा सरळ लागतात, कारण ते रुबाबदार दिसतं, आणि कॉलेजचं परिपत्रकही तेच मागतं. पण मराठीतले शब्द लांब. दोन्ही कडा ओढून धरल्या की शब्दांमधल्या फटी रुंदावतात, त्या फटी एकीखाली एक येतात आणि पानाच्या पोटातून पांढरी पायवाट पडते. “डोळा त्या वाटेनं खाली घसरतो ताई,” बोराडे म्हणाले होते. “डावी कड सरळ ठेवा, उजवी जिथं संपेल तिथं संपू द्या. वाचणाऱ्याला आपली ओळ सापडते.” बाईंनी दोन्ही पानं शेजारी ठेवून बघितली. आणि इतकी वर्षं आपण पान बघायला केलं, वाचायला केलंच नाही, असं त्यांना वाटून गेलं. त्यानंतर त्या पोरांना समजावून बघायच्या, आणि पोरांनी ऐकलं नाही तर निदान फटी हाताने काढून द्यायच्या.

तर असा सगळा बेत जय्यत होता. फक्त योगिनीचा पत्ता नव्हता. बाई फोनवर सुचवून बघायच्या. नवा प्रिंटर घेतलाय म्हणायच्या, पान भरभर येतं. एकदा तर दीड इंच समास असतो ना गं हल्ली, असंही बोलून गेल्या. पलीकडे योगिनी म्हणाली, हो, दीडच. आणि मेथीच्या भाजीवर गेली. सरळ मागावं, तर तेही जमेना. ‘मला दे’ म्हणायला त्यांची जीभ उचलायची नाही. एकदा हातून इतकं मोठं गेलेलं, परत मागायचं कुठल्या तोंडाने?

नोव्हेंबरच्या तिसऱ्या रविवारी योगिनी आली. हातात कापडी पिशवी, जड दिसत होती. बाईंनी तिला पाणी दिलं, चहा टाकला, आणि सगळा वेळ डोळे पिशवीवर. इतकी जड म्हणजे कागद असणार. छापून आणलंय वाटतं तपासायला, असं त्यांच्या मनात आलं आणि जीव भांड्यात पडला. मग योगिनीने पिशवीतून ते काढलं. काळ्या रेक्झिनची बांधणी, वर सोनेरी अक्षरं. झालेलं. संपलेलं.

“काल जमा केला आई. ही आपल्या घरची प्रत.”

बाईंनी हात पदराला पुसले आणि पुस्तक घेतलं. छान झालंय म्हणाल्या. दिनेशराव काहीतरी म्हणायला तोंड उघडत होते, त्यांच्याकडे बाईंनी बघितलं आणि ते उठून चहा गाळायला गेले. एरवी त्यांनी आयुष्यात चहा गाळला नव्हता.

पहिलं पान, प्रमाणपत्र, प्रतिज्ञापत्र, मग ऋणनिर्देश. बाईंना तिथे पोचायला वेळ लागला नाही, वाट पायाखालची होती. ‘माझे वडील श्री. दिनेश गायधनी व आई सौ. प्रतिभा गायधनी यांच्या आशीर्वादाशिवाय हे कार्य पूर्ण होणे शक्य नव्हते.’ आणि सगळ्यात खाली: ‘सुबक अक्षरजुळणी करून देणारे पुण्याचे श्री. रोहित साळुंके यांची मी आभारी आहे.’ बाईंनी ती ओळ दोनदा वाचली. मग पुढची पानं उलटली. त्यांच्या डोळ्यांना सगळं दिसत होतं. दोन्ही कडा ताणून सरळ, मध्ये फटी, आणि पानापानांतून ती पांढरी वाट. साळुंक्यांनी काम वाईट केलं नव्हतं, नियमाने केलं होतं. फटींवर वेळ घालवायला त्यांची ती लेक थोडीच होती?

योगिनी त्यांच्याकडेच बघत होती. ती म्हणाली, “आई, राग आलाय तुला.”

“राग नाय गं.”

“मग?”

बाईंनी पुस्तक मिटलं. “आशीर्वाद तर मी तशीही देतेच की. मागावे लागतात का ते? तू मला काम द्यायचं होतंस, योगू.”

योगिनीचे डोळे भरले. ती खाली बघून म्हणाली, “मला भीती वाटली. तू मागितलं असतंस तर मला नाही म्हणता आलं नसतं, आणि परत काही झालं असतं तर मला तुला काही बोलताही आलं नसतं. एकदा गप्प बसून बघितलंय मी. परत नव्हतं बसायचं.”

चिकटपट्टीचं सांगावं, बोराड्यांचं सांगावं, असं बाईंच्या ओठांपर्यंत आलं. पण आता सांगून ते गाऱ्हाणंच झालं असतं. योगिनी जेवून संध्याकाळच्या गाडीने गेली. दुसऱ्या दिवशी बाईंनी बी.एड.च्या मुलीला फोन करून बोलावून घेतलं, आणि तिचं काम दोन दिवसांत करून दिलं. घरची प्रत मात्र त्यांनी कपाटात ठेवली नाही. रोज दुपारी दुकान ओसरलं की ती काढून बसायच्या, ओळीखाली पट्टी धरून. पंचवीस वर्षांत शेकडो प्रबंध हाताखालून गेले होते, पण त्यांनी एकही वाचलेला नव्हता. टाइप करणारा अक्षरं बघतो, वाचत नाही. हा पहिला. देवळ्याच्या बाजारातल्या बायका त्यात होत्या, ‘कोनी शे तू?’, म्हणजे कुणाची तू, असं विचारून मगच भाजीला हात लावू देणाऱ्या. बाई हसायच्या, मध्येच पुस्तक मिटून बसायच्या. पोरगी इतकं ऐकत होती आणि आपल्याला पत्ताच नव्हता.

एप्रिलमध्ये मौखिकीची तारीख लागली, नाशिक रोडच्याच कॉलेजात. खुली मौखिकी, म्हणजे कुणीही येऊन बसावं. परीक्षकांसमोर वीस मिनिटं सादरीकरण, मग प्रश्न. योगिनी आदल्या दिवशी दुपारी माहेरी आली आणि आरशासमोर उभी राहून वाचायला लागली. चौदा पानं काढली होती तिने, प्रबंधातूनच उचललेली, तशीच दोन्ही कडा सरळ. वर्गात तास-तास बोलणारी योगिनी, पण ही पानं वाचताना तिची गाडी सारखी अडायची. वर बघितलं की परत आपली ओळ सापडेना. एक ओळ दोनदा वाचली, एक गाळलीच. श्वास भलत्याच ठिकाणी तुटत होता. तिसऱ्यांदा तसं झालं तेव्हा तिने पानं पलंगावर टाकली आणि म्हणाली, माझं काही खरं नाही.

बाई दारात उभ्या राहून ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, “फाइल आहे ना तुझ्याकडे? चल दुकानात.”

योगिनीने त्यांच्याकडे बघितलं. बाई चपला घालून निघाल्यासुद्धा. मागोमाग योगिनी आली. दुकानात दुपारी कुणी नव्हतं. दिनेशरावांनी पंखा मोठा केला आणि ते बाहेर जाऊन बसले. बाईंनी फाइल उघडली, अक्षरं मोठी केली, उजवी कड सोडून दिली. मग खुर्ची पुढे ओढून कर्सर पहिल्या शब्दावर ठेवला.

“वाच. घाई नको. मी ऐकते.”

योगिनी त्यांच्यामागे उभी राहून पडद्यावरचं वाचायला लागली, आणि बाई कर्सर तिच्या शब्दांमागून नेऊ लागल्या. चार-पाच शब्दांवर तिचा आवाज जरा टेकला, आणि टक् करून आवाज आला. पुढे सात शब्द गेले, परत टेकला. परत टक्. तिसऱ्या वेळी योगिनी थांबली. तिने तो आवाज ओळखला होता. तिचा चेहरा उतरला.

“आई, एंटर मारतेयस तू.”

“हो.”

“अगं पण—”

“हे कुठं जमा नाय करायचं, योगू. कुणी समास बदलायचा नाही याचा,” बाई पडद्यावरून नजर न काढता म्हणाल्या. “हे नुसतं तुझ्या हातात राहणार आहे. तुझा दम जिथं संपतो तिथं ओळ संपली पाहिजे. ते मशीनला नाय कळत.”

योगिनी पुढे वाचू लागली. दुपार कलली, गल्लीत भेळवाल्याची गाडी लागली, तरी दोघी उठल्या नाहीत. एखादं वाक्य लांब असलं की बाई म्हणायच्या, परत घे, आणि योगिनी परत घ्यायची. कुठे एका ओळीत तीनच शब्द आले, कुठे नऊ. चौदाची एकवीस पानं झाली. उजवीकडे कडेचा पत्ता नव्हता, सगळं दातेरी. इतकं वेडंवाकडं पान बाईंच्या प्रिंटरमधून कधीच निघालं नव्हतं. कागद गरम होते तोवर योगिनीने उभं राहून पहिलं पान वाचलं, मध्ये दोनदा मान वर करून, आणि दोन्ही वेळा ती बरोबर आपल्या ओळीवर परत आली. कागद छातीशी धरून तिने आईच्या खांद्यावर कपाळ टेकवलं, लहानपणी तापात टेकवायची तसं, आणि बाईंनी मॉनिटर बंद केला.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता सेमिनार हॉलमध्ये तीस-चाळीस माणसं होती. बाई आणि दिनेशराव अगदी मागच्या रांगेत बसले. पुढे बसा म्हणून बोराडे दोनदा सांगून गेले, पण बाई हलल्या नाहीत. पहिल्या रांगेत परीक्षक, त्यांच्यापुढे काळ्या रेक्झिनची प्रत. योगिनी उभी राहिली. तिने कागद समोर ठेवले.

“बाजारात आधी ओळख विचारतात,” योगिनी म्हणाली आणि थांबली.

“गाव कोणतं, कुणाची तू,” परत थांबली, समोर बघितलं.

“आणि मगच भाजी निवडू देतात.”

हॉल ऐकायला लागला. कुणीतरी मोबाइल खाली ठेवला. योगिनी वाचत होती, ओळ संपली की मान वर करत होती, श्वास घेत होती, खाली बघून पुढची ओळ उचलत होती. कुठे अडखळ नाही, कुठे धाप नाही. मागच्या रांगेत बाईंची करंगळी मांडीवर हलत होती. प्रत्येक ओळ त्यांना तोंडपाठ झाली होती, आणि लेकीने घ्यायच्या आधीच तिचा प्रत्येक श्वास त्या घेऊन बसत होत्या. दिनेशरावांनी त्यांच्या हातावर हात ठेवला, तो त्यांना जाणवलाही नाही. वीस मिनिटांनी योगिनी थांबली. मग प्रश्न झाले, ती सगळ्यांना उत्तरं देत गेली. साडेबाराला परीक्षकांनी उभं राहून निकाल सांगितला, टाळ्या झाल्या, आणि डॉ. योगिनीभोवती गुच्छ घेऊन माणसांचा गराडा पडला.

शिपायाने प्रबंधाची एक प्रत काखेत मारली आणि तो ग्रंथालयाकडे निघाला. ती आता चौथ्या कपाटात जाणार होती, आणि तिच्या ऋणनिर्देशात शेवटी पुण्याचे रोहित साळुंके असणार होते, कायमचे. बाईंनी ती प्रत दाराबाहेर जाईपर्यंत बघितली. वाईट वाटायचं ते वाटलंच. ते काही त्यांनी स्वतःपासून लपवलं नाही.

लोक चहाला गेले. हॉल रिकामा झाला. पुढच्या टेबलावर पाण्याच्या बाटल्या, गुच्छाचा चकचकीत कागद आणि ती एकवीस पानं पडली होती, पंख्याच्या वाऱ्याने वरची दोन-तीन जरा सरकलेली. टेबल आवरायला एक बाई कचऱ्याची बादली घेऊन आत आली. दिनेशराव लगबगीने उठले.

“अगं, ते कागद राहिले ना योगूचे. आणू का?”

प्रतिभाबाईंनी पदर सारखा केला आणि त्या दाराकडे वळल्या.

“राहू द्या,” त्या म्हणाल्या. “वाचून झालेत ते.”